भाच्याच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी मदतीचं आवाहन कसं लिहावं? सोबत फोटो टाकावा का?

तुम्ही लिहिलंय की 18 वर्षांच्या भाच्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघालाय, सगळे नातेवाईक मदतीला तयार आहेत, आणि आवाहनासोबत त्याचा हॉस्पिटलमधला फोटो टाकावा असं काहींचं म्हणणं आहे. फोटोचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात आजही दोन तट आहेत. टाकू नका. त्याला न विचारता तर अजिबात नाही.

माझ्या बहिणीच्या मुलीला एएलएल (ल्युकेमियाचाच एक प्रकार) झाला तेव्हा ती बारावीला होती. स्टिरॉइडने चेहरा सुजलेला, केस गळायला लागलेले, गळ्याजवळ सेंट्रल लाइन, म्हणजे औषधांसाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी. दादा, म्हणजे तिचा मामा, भेटायला आला आणि ती झोपलेली असताना फोटो काढून 'हिला वाचवा' म्हणून सगळीकडे पाठवला. हेतू चांगलाच होता. पण तो फोटो फिरत फिरत तिच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचला. तिने मला मोबाइल दाखवला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मानेवरची चिकटपट्टी, उघडं पडलेलं तोंड नीट पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मावशी, मी झोपले होते ना गं." त्यानंतर मैत्रिणींचे फोन घेणं बंद. घरच्यांना वाटलं, औषधांचा थकवा. थकवा होताच, पण रिंग वाजली की मोबाइल पालथा ठेवायची ते काही थकव्याने नव्हे.

मी दादाला फोटो काढून टाकायला लावला. "फोटोमुळेच पैसे आले, तुला लाजेचं पडलंय," असं त्याने चारचौघांत सुनावलं, आजही सुनावतो. पैसे आले, खरं आहे. पण देणारे बहुतेक ओळखीचेच होते, त्यांना एक फोन पुरला असता. पोरगी आजारी पडली म्हणून तिच्या शरीराचं काय दाखवायचं हे मामाने ठरवायचं नसतं. ती जाणती होती, तिला विचारायला हवं होतं.

पुढे प्लेटलेट लागल्या तेव्हा मजकूर तिनेच सांगितला आणि मी पाठवला. रक्तगट, काय हवंय, कोणत्या दिवशी, कोणाला फोन करायचा. 'मृत्यूशी झुंज' वगैरे काही नाही. दाते मिळाले. तुमचं आवाहनही असंच लिहा, आणि जमलं तर भाच्यालाच लिहू द्या.

प्लेटलेट साधारण 5 दिवसच टिकतात. उत्साहाच्या भरात सगळ्यांना एकाच दिवशी रक्तपेढीत उभं केलंत तर पुढच्या आठवड्यात कोणाला बोलावणार? यादी एकाच्या हातात ठेवा आणि रक्तपेढी सांगेल तसं एकेकाला पाठवा. जवळच्या नात्यातल्यांनी थेट रुग्णाला रक्त देण्याचा हट्ट धरू नये. दादाला डॉक्टरांनी नको म्हटलं तेव्हा त्याला तो अपमान वाटला. कारण असं की, नातेवाइकाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटू शकतात, म्हणून ते रक्त आधी इरॅडिएट करावं, म्हणजे त्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागतं. शिवाय पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर नातेवाइकांचं रक्त आधी दिलेलं अडचणीचं ठरू शकतं. तुमचं रक्त रक्तपेढीला इतरांसाठी द्या, तीही मदतच आहे.

पैशाचं म्हणाल तर एएलएलचे उपचार 2 ते 3 वर्षं चालतात. पहिल्या महिन्यात झुंबड उडते आणि मेंटेनन्स, म्हणजे शेवटचा लांबलचक सौम्य औषधांचा टप्पा, सुरू होईपर्यंत ग्रुपवर शुकशुकाट असतो. एकरकमी घेण्यापेक्षा दर महिन्याला थोडं देणारे शोधा. आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लावू नका. केमोने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खाली गेल्या की साधी सर्दीही महागात पडते. ताप 38 अंश सेल्सिअसवर (100.4 फॅरनहाइट) गेला तर 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. नातेवाइकांना राग आला तर येऊ द्या. दादाला आला होता.

हे सगळं मी एएलएलच्या अनुभवावरून सांगतेय. एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा दुसरा प्रकार, असेल तर उपचार कमी काळाचे पण जास्त कडक असतात, हॉस्पिटलमधले मुक्कामही लांबतात, तेव्हा प्रकार कोणता हे आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांचाच शब्द धरा. तुमचा भाचा स्वतःहून म्हणाला की फोटो टाका, तर खुशाल टाका, मग माझी काही हरकत नाही. खर्चाचा अंदाज हॉस्पिटलकडून लेखी घ्या आणि शक्य असेल तिथे पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जमा करायला सांगा, म्हणजे पुढे हिशेबावरून भावंडांत वाजत नाही.