आधी लेखी तक्रार, मग गवंडी

नव्या घराचा ताबा घेऊन पाच महिने झालेत, बिल्डरची वर्षाची वॉरंटी आहे, हॉलच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसतायत, बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून ओल चढतेय, आणि बिल्डरच्या मागे लागण्यापेक्षा ओळखीचा गवंडी बोलावून उरकून टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. चिरांची घाई नाही. पण त्या ओलीला कुणालाही हात लावू देऊ नका.

आमच्याकडे हेच झालं होतं. कपाट सरकवलं तर रंगाचे पोपडे हातात आले आणि स्कर्टिंगवर पांढऱ्या भुकटीची रेघ दिसली. सुपरवायझरला तीनदा तोंडी सांगितलं, तो दरवेळी ‘बघतो’ म्हणाला. कंटाळून मीच माणूस लावून भिंत खरवडली, पुट्टी भरली, रंग दिला. चार महिन्यांत ओल परत वर आली. मग लेखी तक्रार केली, तर उत्तर मिळालं की भिंतीचं काम तुम्ही बाहेरून करून घेतलंय, त्यामुळे मूळ दोष कुठला हे आता ठरवता येत नाही, शिवाय वॉरंटीची मुदतही संपली आहे. बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने केलं ते आमच्या खर्चाने. तीन वेळा सांगितल्याचा एक साधा मेसेजसुद्धा माझ्याकडे नव्हता.

म्हणून आजच बिल्डरला ईमेल करा. कुठली खोली, कुठली भिंत, पहिल्यांदा कधी दिसलं, ओल जमिनीपासून किती उंच आहे, हे सगळं लिहा. फोटो काढताना भिंतीला मोजायची टेप लावा, म्हणजे पुढच्या महिन्यात ओल किती वाढली ते दिसेल. लेखी उत्तर मागा. मुदतीच्या आत कळवल्याचा पुरावा हातात असला, तर दुरुस्तीला नंतर कितीही वेळ लागला तरी तुमची बाजू भक्कम राहते. पाइपच फुटला तर अर्थातच थांबू नका, पाणी बंद करून जुजबी दुरुस्ती करून घ्या. फक्त आधी फोटो काढा आणि काढलेला तुकडा फेकू नका.

आता चिरा. प्लास्टरमधलं पाणी सुकताना ते आकसतं, त्यातून जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. बीम किंवा कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे सरळ रेघ पडते, कारण काँक्रीट आणि वीट उष्णतेने सारखी फुगत नाहीत. या दोन्ही बहुतेक वेळा वरवरच्या असतात. त्या कळवून ठेवा, पण लगेच भरून घेऊ नका. सगळे ऋतू जाऊ द्या आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी एकदमच भरून मागा, नाहीतर भरलेल्या जागी परत उमटतील. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढणारी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा दोन-तीन मिलिमीटरहून रुंद चीर मात्र वेगळी. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. चीर खुणेच्या पुढे गेली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, गवंड्याला नव्हे.

तुम्ही ‘वर्षाची वॉरंटी’ म्हणताय, पण करार पुन्हा नीट वाचा. रंग, दारं, फिटिंग यांची मुदत सहसा सगळ्यात कमी असते, ढाच्याची सगळ्यात जास्त, आणि वॉटरप्रूफिंगचा कागद बऱ्याचदा वेगळाच असतो. गिझर, पंप, एसी यांची वॉरंटी बिल्डरची नसते, बनवणाऱ्या कंपनीची असते. इथे बरेच जण फसतात. कंपनी अनेकदा बिलाच्या तारखेपासून मोजते, आणि बिल्डरने ती वस्तू तुमच्या ताब्याच्या कित्येक महिने आधी घेतलेली असू शकते. तेव्हा बिलं आणि कार्डं आत्ताच मागून घ्या. गिझरच्या कार्डावर टाकीची मुदत वेगळी आणि एलिमेंटची, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलची, वेगळी असते. पाणी जड असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड वेळोवेळी तपासायला सांगा. टाकीऐवजी तो गंजतो, तेच त्याचं काम, पण तो संपला की गंज टाकीला लागतो.

देखभालीचं म्हणाल तर नव्या घरात थोडंच असतं, पण ते चुकवू नका, कारण ‘देखभाल केली नाही’ हे वॉरंटी नाकारायचं नेहमीचं कारण आहे. बोर्डातल्या आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण अधूनमधून दाबा. लगेच ट्रिप झाला नाही तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवा, जिवाचा प्रश्न आहे. पाण्याचा मेन व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा फिरवा, नाहीतर नेमका गरजेच्या दिवशी जाम सापडेल. वापरात नसलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरच्या जाळीखाली पाणी साठून राहतं त्या भांड्यात, पाणी ओता. तो कोरडा पडला की ड्रेनेजचा वास घरात येतो, आणि लोक उगाच पाइप खोलत बसतात.

राहिली ती ओल. ती पाइपातून येतेय की फरशीखालून, हे तुम्ही स्वतःच बरंचसं ताडू शकता. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग लिहा, सकाळपर्यंत कुणी पाणी वापरू नका आणि फ्लशची टाकी गळत नाही ना ते आधी बघा. आकडा पुढे गेला असेल तर दाबाखालच्या पाइपला कुठेतरी गळती आहे. आकडा तिथेच असेल तर तीन-चार दिवस ती बाथरूम पूर्ण कोरडी ठेवा आणि ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा. डाग आत सरकला, तर संशय फरशीच्या सांध्यांवर, ट्रॅपभोवतीच्या जागेवर किंवा वॉटरप्रूफिंगवर. ही निरीक्षणं तारखांसह दुसऱ्या ईमेलमध्ये टाका. बिल्डरचा माणूस येईल तेव्हा फरशीला छिन्नी लावण्याआधी पाइपची प्रेशर टेस्ट आणि ट्रॅप बंद करून २४ तास पाणी साठवायची चाचणी, दोन्ही तुमच्यासमोर करायला लावा.