'माझं कॅरेक्टर असंच वागणार ना!'

प्रश्न: ताई, मी 24 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. ऑफिसातल्या चौघांबरोबर दर शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळते (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, घ्यायचं आणि गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ), तीन महिने झाले. बाकीचे आवाज बदलून बोलतात, एक जण तर अख्खं सेशन घोगऱ्या आवाजात काढतो, मला ते जमतच नाही, लाज वाटते, मी आपली 'माझी चोर दाराला कान लावून ऐकते' असं सांगते. गेल्या शनिवारी खेळात मी आमच्याच टोळीतल्या एका कॅरेक्टरच्या झोळीतून माणिक चोरलं तर सगळे चिडले. मी म्हटलं, ती चोर आहे, ती असंच वागणार ना, यालाच रोल-प्ले म्हणतात ना? डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणाला, तुला रोल-प्ले कळलेलंच नाही. मग रोल-प्ले म्हणजे नक्की काय गं? खेळ सोडावा असं वाटायला लागलंय.
(एक वाचक, पुणे)

उत्तर: अगं, सोडू नकोस. आणि आधी त्या आवाजाचं ओझं डोक्यावरून काढून टाक. 2014 च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे या खेळाच्या नियमांच्या पुस्तकात, दोन्ही पद्धती दिल्यात, एक म्हणजे कॅरेक्टर होऊन बोलायचं आणि दुसरी म्हणजे ती काय करते, काय म्हणते हे बाहेरून सांगायचं. तू दुसरी वापरतेस, बस्स. आवाज काढता येणं ही नकलेची कला आहे, छानच आहे ती, पण रोल-प्ले त्यावर अडलेला नाही.

मुळात हा प्रकार सुरू कसा झाला ते बघ. 1969 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला डेव्हिड वेझली नावाच्या माणसाने नेपोलियनच्या काळातला युद्धाचा खेळ मांडला, पण त्यात सैन्याबरोबर ब्राउनस्टाइन नावाच्या गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली, कुणी तिथला महापौर, कुणी बँकवाला. झालं असं की खेळाडू टेबल सोडून कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कट शिजवायला लागले, वेझलीला वाटलं आपला खेळ पार फसला, आणि खेळणारे मात्र म्हणाले पुन्हा कधी? त्या खेळाडूंमध्येच डेव्ह आर्नेसन होता, त्याने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये तुमचा हा खेळ काढला. म्हणजे मजा कशात आली, तर 'मी या माणसाच्या जागी असते तर आत्ता काय केलं असतं' यात. माझ्या मते रोल-प्ले म्हणजे एवढंच, आणि हेच अवघड आहे.

माझंच सांगते. माझं एक कॅरेक्टर होतं, योद्धा, अंगात ताकद भरपूर, बुद्धीचे गुण फक्त 8, म्हणजे बेताचीच. समोर ट्रोल नावाचा राक्षस आला, आम्ही तलवारीने तोडतोय आणि त्याच्या जखमा भरून येतायत. मला, म्हणजे खुर्चीत बसलेल्या मला, पक्कं माहीत होतं की आग किंवा अ‍ॅसिड लागलं की जखमा भरणं थांबतं. पण तिने आयुष्यात ट्रोल पाहिलेला नव्हता, तिला कुठून कळणार? मशाल तिच्या डाव्या हातात होती आणि मी तरी तलवारच चालवत राहिले, दोन राउंड मार खाल्ला, मग चिडून तिने मशालीनेच त्याच्या तोंडावर मारलं, कारण चिडली की ती हाताला लागेल त्यानेच मारायची हे मी पहिल्या दिवशीच शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर, लिहिलं होतं. ट्रोल किंचाळला. टेबलावर सगळे उभे राहिले! आवाज मी माझाच वापरला होता, पण त्या रात्री मी खरंच ती होते.

आता माणकाचं. इथे मला तुझ्या डीएमचं बोलणं तोडून टाकणारं वाटलं, पण चिडणाऱ्यांची बाजू बरोबर आहे. 'माझं कॅरेक्टर असंच वागणार' हे वाक्य मी खूप टेबलांवर ऐकलंय, आणि त्यात एक गोष्ट विसरली जाते, ते कॅरेक्टर तूच तयार केलंयस ना? तिच्या मनात काय आहे ते तूच ठरवतेस. चोर हा तिचा धंदा झाला, स्वभाव नाही. चोरसुद्धा ज्यांच्याबरोबर जेवतो, ज्यांच्या भरवशावर रात्री झोपतो त्यांच्या झोळीत हात घालताना दहा वेळा विचार करेल. तुझं शीट 2014 च्या नियमांचं असेल तर त्यावर बाँड आणि फ्लॉ असे रकाने असतील बघ, म्हणजे जीव कशात अडकलाय आणि खोट काय आहे. ते भरलेस का? बहुतेक जण घाईत काहीतरी लिहितात आणि मग तीन महिने फक्त डाइस टाकत बसतात. असा कोण आहे ज्याच्याकडून ती कधीच चोरणार नाही, एवढं एक लिही, बघ कशी जिवंत होते ती.

आणि आपापसात चोरी, दगा, मारामारी हे चालणार की नाही, ते खेळ सुरू करायच्या आधीच सगळ्यांनी बसून बोलायचं असतं, त्याला सेशन झिरो म्हणतात. तुमच्यात ते झालेलं दिसत नाही, ही काही तुझ्या एकटीची चूक नाही. शनिवारी डाइस बाहेर काढायच्या आधी, कॅरेक्टर बाजूला ठेवून, ज्याचं माणिक गेलं त्याला सरळ सॉरी म्हण आणि विचार, तुझ्या कॅरेक्टरला हे कळलेलं चालेल का, की मी गुपचूप परत ठेवू? तो म्हणेल तसं कर. गुपचूप ठेवायचं ठरलं तर डीएमला सांगून रात्रीच्या पहाऱ्याची पाळी मागून घे, सगळे झोपलेत, शेकोटी विझत आलीय आणि तिच्या मुठीत माणिक आहे. तेव्हा तिला काय वाटतं ते तुझ्या नेहमीच्या आवाजात सांग.