नऊ जण, चार बर्थचा कूपे आणि सात दिवसांची गाडी

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकरोडचे नऊ जण, पंचवटीने वीस-पंचवीस वर्षं मुंबईला अप-डाऊन केलं, आता सगळे रिटायर. ग्रुपमधे ठरलंय की रशियातली ट्रान्स-सायबेरियन करायची, मॉस्को ते व्लादिवोस्तोक, मधे कुठेच न उतरता. चौघं शाकाहारी, दोघांना शुगर. जमेल का? आणि सगळे एकत्र बसू शकू का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : काका, नमस्कार. जमेल की, पण मधे न उतरता करू नका, हे अगदी कळकळीने सांगते. 9288 किलोमीटर म्हणजे तुमचं साधारण पंचवीस दिवसांचं अप-डाऊन झालं, आणि ते सलग, जवळपास सात दिवस. आम्ही आठ जण 2017 ला गेलो होतो, आणि चौथ्या रात्री आमच्यातल्या दोघी, शाळेपासूनच्या मैत्रिणी, दिवा चालू ठेवायचा की बंद यावरून अशा बिनसल्या की पुढचा दीड दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, मला अजून त्याचं वाईट वाटतं. तुम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखता पण बसलेले ओळखता, झोपलेले नाही. कोण घोरतं, कोण पहाटे चारला उठून पिशव्या खुडबुडवतं हे पंचवटीत कुठे कळतंय! म्हणून आधी सगळे मिळून हावडा मेलने कोलकात्याला जाऊन या, एक रात्र पुरे, बरंच काही कळेल.

कूपेत चार बर्थ असतात, म्हणजे तुमचे दोन कूपे भरतात आणि नववा माणूस तिसऱ्या कूपेत परक्या लोकांबरोबर. यावरून आत्ताच वाद घालू नका, उलट ती जागा आळीपाळीने घ्या, कारण खरी रशियन माणसं त्यालाच भेटणार. आमच्यातल्या एकाला एका आजीबाईंनी स्वतःच्या बागेतल्या काकड्या आणि उकडलेले बटाटे भरवले, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती तरी. खालचे बर्थ विषम नंबरचे असतात, गुडघेदुखीवाल्यांसाठी तेच मागा.

खाण्याची काळजी नको. प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो, चोवीस तास, फुकट. उपम्याचं, पोह्यांचं इन्स्टंट पाकीट, मेतकूट, आपला चिवडा घेतलात की निम्मं काम झालं, बाकी ब्रेड, चीज, फळं मोठ्या स्टेशनांवर मिळतात. रेल्वेच्या डब्याची देखभाल करणारी बाई, तिला प्रवोदनित्सा म्हणतात, चहासाठी काचेचा ग्लास देते, त्याला धातूचं नक्षीदार कडं असतं, हात भाजत नाही आणि गाडी हलली की चमचा किणकिणत राहतो. शुगरवाल्यांनी मात्र डॉक्टरांकडून गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक लिहून घ्यावं, कारण मॉस्को आणि व्लादिवोस्तोकमधे सात तासांचा फरक आहे. आम्ही गेलो तेव्हा तर तिकिटावर सगळीकडे मॉस्कोचीच वेळ असायची, कधी जेवायचं तेच कळेना. ऑगस्ट 2018 पासून स्थानिक वेळ छापतात ते बरं झालं.

इर्कुत्स्कला उतरा. मॉस्कोपासून साधारण साडेतीन दिवस लागतात, म्हणजे बरोबर माणसं कंटाळायच्या वेळेला. तिथून सत्तर किलोमीटरवर लिस्तव्यांका, बैकालच्या काठावर, दोन रात्री राहा, अंघोळी करा, कपडे धुवा. बैकाल 1642 मीटर खोल, जगातलं सगळ्यात खोल सरोवर, पाणी इतकं नितळ की काठावरून तळाचे दगड दिसतात. पुढची गाडी दिवसा सुटणारीच घ्या, कारण इर्कुत्स्क सोडल्यावर दोन-तीन तासांनी रूळ सरोवराच्या काठाकाठाने जातो, डाव्या हाताला, आणि रात्रीची गाडी घेतलीत तर तेवढंच नेमकं अंधारात जाईल. सप्टेंबर चांगला, बर्चची झाडं पिवळीधमक झालेली असतात.

पैशांचं नीट बघा, भारतातली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे 2022 पासून चालत नाहीत, रोख डॉलर किंवा युरो नऊ जणांत वाटून ठेवा, एकाच्याच पाकिटात नको. ई-व्हिसा आपल्याला मिळतो. युद्धामुळे मॉस्कोचे विमानतळ कधीकधी काही तास बंद ठेवतात, म्हणून विमानातून उतरलात त्याच दिवशीचं ट्रेनचं तिकीट काढू नका, मधे एक रात्र ठेवा. हावडा मेलने जाऊन आलात की नऊ जण नऊच राहिलेत का ते कळवा, मग बर्थ कसे वाटायचे ते सांगते.