पेटीवाल्याचा डावा हात

प्रश्न : सर, मी 19 वर्षांचा आहे. हार्मोनियमची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, आता पुढच्या विशारदला बसायचंय. कॉलेजच्या मित्रांनी बँड काढलाय आणि त्यांना कीबोर्डवाला हवाय. गुरुजी म्हणतात, हात बिघडेल. तुम्हीही पेटी शिकूनच बँडमध्ये गेलात. हात खरंच बिघडतो का? क्लास सोडावा का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : क्लास सोडू नकोस आणि बँडलाही नाही म्हणू नकोस. हात बिघडत नाही. उलट तुझा एक हात अजून शिकलेलाच नाही, हे तिथे पहिल्याच तालमीत कळेल. पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो, सगळी विद्या उजव्यात. कीबोर्डला भाता नसतो, त्यामुळे डावा मोकळा सुटतो आणि त्याला ठेवावं कुठे ते कळत नाही.

मी फोंड्याकडचा. आमच्याकडे जत्रेतल्या संगीत नाटकांना ऑर्गन असायचा. त्याचा भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांवर. नांदी सुरू झाली की ऑर्गनवाले बुवा डाव्या हाताने खाली षड्ज-पंचम धरून बसायचे. ते बघून बघून माझ्या डाव्याला थोडी अक्कल आली. तू असं कर : पलटे (सरावाचे स्वरक्रम) झाले की डाव्याने सा-ग-प एकदम दाबून धर आणि उजव्याने बिलावलचे, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचे, अलंकार घे. मग म-ध-सा, मग प-नी-रे. एवढ्या तीन कॉर्डवर पुष्कळ गाणी निघतात.

कानाच्या बाबतीत तू त्यांच्या पुढेच असशील. समज, काफीच्या अंगाचं, म्हणजे कोमल ग-नीचं, गाणं आहे आणि सा पांढरी एकचा, म्हणजे त्यांचा सी; मध्यम तिथे एफ. गाणं मायनर दिसलं की नवखा गिटारवाला मध्यमावरही एफ मायनर धरतो. त्यात येतो कोमल धैवत, आणि गाणारा लावतोय शुद्ध. खडा लागतो, पण का ते कोणाला सांगता येत नाही. तुला येईल. तिथे एफ मेजर हवा. 'एफ मेजर धर रे' एवढंच म्हणायचं. थाटांवर व्याख्यान दिलंस तर पुढच्या तालमीला तुला बोलावणार नाहीत.

पट्टीचा, म्हणजे सा कुठे धरायचा याचा, घोळ मात्र काही दिवस होईल. आपला सा फिरता. बुवा 'काळी चार' म्हणाले की आपण तिथे सा मांडून मोकळे. आमच्या बँडमध्ये सासष्टीचे एक वयस्क ट्रम्पेटवाले होते, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले. त्यांचा 'दो', म्हणजे पांढरी एकचा सूर, जागचा हलत नसे. शिवाय ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट सोयीचे, म्हणजे आपली काळी पाच आणि काळी दोन. त्या दोन पट्ट्या बोटांत बसव. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलण्याचं, बटण असतं, तरीही बसव. घाईत ते बटण आधीच्या गाण्याचंच राहतं आणि मग लग्नमंडपात नवरा-नवरी नाचायला उभी राहतात तेव्हा सगळा बँड एका पट्टीत आणि तू भलत्याच.

आता मुख्य गोष्ट. बँडमध्ये मला ना आलाप उपयोगी पडला, ना ताना. उपयोगी पडली साथ. वास्कोच्या दामोदर सप्ताहात श्रावणात अख्खा दिवस-रात्र भजन चालतं. गवई बदलला की पट्टी बदलते, चाल बदलते. पेटीवाल्याने गवयाच्या तोंडाकडे बघत मागून जायचं, त्याने श्वास घेतला तेवढी जागा भरायची आणि तो परत आला की बाजूला व्हायचं. नव्या बँडमध्ये प्रत्येकाला सोलो हवा असतो. गप्प बसता येणारा माणूस मिळत नाही. मला कामं मिळत गेली ती यामुळेच. म्हणून गवयांच्या साथीला जात राहा, परीक्षेच्या अभ्यासापेक्षाही जास्त.

गुरुजींना दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस, स्वतः जाऊन सांग. त्यांची खरी धास्ती हाताची नसते, क्लासचा वार चुकण्याची असते. तेव्हा तो वार बँडला देऊ नकोस. हाताचा मुद्दा फारच ताणला, तर मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं, म्हणजे ख्यालगायक जितेंद्र अभिषेकींचं, नाव घे. 1964 साली त्यांनी 'मत्स्यगंधा' नाटकाला संगीत दिलं. म्हणून त्यांचं ख्यालगायन बिघडलं, असं कोणी म्हणत नाही.

पैशांचं विचारलं नाहीस, तरी सांगतो : चातुर्मासात आपली लग्नं नाहीत, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, ख्रिश्चनांची नाहीत. कीबोर्ड हप्त्यावर घेणार असशील तर हे दोन्ही धरून हिशेब कर.

प्रश्न : कीबोर्डवर मींड काढता येते का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. ती पेटीवर येत नाही, कीबोर्डवर बऱ्यापैकी येते. 1940 साली आकाशवाणीने पेटी बंद केली ती थेट 1971 पर्यंत, तेव्हाच्या आक्षेपांत हाही एक होता. कीबोर्डच्या डाव्या टोकाला पिच बेंडचं चाक असतं. बहुतेक वाद्यांत ते दोन अर्धस्वरांवर लावलेलं येतं, म्हणजे सा वरून रे पर्यंतच सूर ओढता येतो. सेटिंगमध्ये जाऊन ते वाढवता येतं. पण फार वाढवू नका, चाक जरासं हललं तरी सूर घसरतो. आणि आवाज बासरीचा किंवा सारंगीचा निवडा. पियानोच्या आवाजावर मींड घेतली की कॅसेट अडकल्यासारखी वाटते.