पाय वाकलेत म्हणून लिगामेंट सैल करायचं?

प्रश्न: डॉक्टर, आईचे दोन्ही गुडघे झिजलेत आणि पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. सर्जन म्हणाले, सांधा बदलताना आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) सैल करून बॅलन्स करावं लागेल. ते कापल्यावर गुडघा लटपटणार नाही का? आई तर ऐकूनच घाबरलीये.

उत्तर: आईला आधी सांगा की सैल करणं म्हणजे तोडून टाकणं नाही. झालंय असं, आतल्या बाजूची कूर्चा झिजली की पाय वाकतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला की त्या बाजूचं लिगामेंट आणि सांध्याचं मागचं आवरण आखडतं, बाहेरची बाजू मात्र ताणली जाते. आता नुसती हाडं सरळ कापून सांधा बसवला तर एक बाजू घट्ट नि दुसरी ढिली राहणार, मग एक्सरे कितीही सुंदर दिसला तरी पेशंटला त्रास होतोच.

बऱ्याचदा मुख्य दोषी असतात हाडाचे वाढलेले काटे. ते लिगामेंटच्या खाली असतात आणि तंबूच्या कापडाला खालून काठीने टोचावं तसं त्याला ताणून धरतात, ते काढले तरी बराच ताण जातो. नाही गेला तर लिगामेंटचा खोल थर हाडापासून थोडा सोडवायचा, मग मागचं आवरण, आणि अगदीच गरज पडली तर वरच्या मुख्य थराला सुईने बारीक टोचे देऊन तो थोडा लांबवायचा. प्रत्येक पायरीनंतर थांबून तपासायचं, हे फार महत्त्वाचं, कारण जास्त सोडवलेलं परत घट्ट करणं अवघड असतं.

तपासायचं म्हणजे पाय सरळ असताना आणि गुडघा ९० अंशात वाकवल्यावर, दोन्ही वेळी हाडांमधली फट सारखी नि चौकोनी हवी. १९७० च्या दशकात इन्सॉल आणि फ्रीमन या सर्जननी ह्या फटींवर भर दिला, आज रोबोट वापरला तरी बघायचं तेच. सरळ असतानाची फट कमी राहिली तर पाय पूर्ण सरळ होत नाही, वाकल्यावरची जास्त झाली तर जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो.

म्हणजे तुमची लटपटण्याची शंका चुकीची नाहीच, प्रमाणाबाहेर सैल केलं तर तसं होतं. तेव्हा जास्त आधार देणारा वेगळा इम्प्लांट (कृत्रिम सांधा) लागतो, पण त्याने हाडावर ताण वाढतो म्हणून तो पहिला पर्याय नसतो. आईचा पाय खूप वाकलेला असेल तर तसा इम्प्लांट ऑपरेशनच्या वेळी हाताशी असेल का, एवढं सर्जनना नक्की विचारा.