अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठासाठी दहावीपासून काय तयारी करावी?

प्रश्न असा आहे: "मी दहावीत आहे. बारावीनंतर एमआयटी किंवा हार्वर्डला जायचं आहे. आतापासून किती ऑलिम्पियाड, किती सर्टिफिकेटं, कुठली एनजीओ करावी? शिक्षकांची शिफारसपत्रं कन्सल्टंटच तयार करून देतात असं ऐकलं, हे खरं का?"

तुझ्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. मी ज्युनिअर कॉलेजात २३ वर्षं फिजिक्स शिकवते आहे. हो, पत्रं तयार करून देतात. त्यातल्या एकावर मी सही केली आहे आणि एकावर करायला नकार दिला आहे. केलेली सही मला अजून टोचते.

आधी सर्टिफिकेटांचं उरकते. कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकीचं वर्णन १५० अक्षरांत बसवायचं असतं. एमआयटीचा अर्ज वेगळा असतो, तिथे तर फक्त ४ गोष्टी विचारतात. चार! म्हणजे बाराव्या सर्टिफिकेटाला अर्जात जागाच नाही. एसएटी, म्हणजे तिथल्या प्रवेशासाठीची परीक्षा, मात्र दे. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली आणि हार्वर्डने २०२४ मध्ये तसंच जाहीर केलं. अकरावी संपताना पहिल्यांदा दिलीस तर बारावीच्या गडबडीत ती मध्ये येणार नाही.

आता पत्र. शिक्षकाला जो फॉर्म येतो त्यात पत्राशिवाय एक तक्ता असतो. या विद्यार्थ्याची वर्गातल्या इतरांशी तुलना करा, असं त्यात विचारतात: सरासरी, चांगला, पहिल्या १० टक्क्यांत, पहिल्या ५ टक्क्यांत, आणि सगळ्यात शेवटी, तुमच्या आख्ख्या नोकरीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक. किती वर्षं ओळखता, कुठल्या वर्गात शिकवलं, हेही लिहायचं असतं. विद्यार्थी बहुतेक वेळा 'हे पत्र मी वाचणार नाही' असं लिहून देतो. शिक्षकाने मोकळेपणाने लिहावं म्हणूनच ती सोय आहे. मग ज्या पत्राचा मसुदा विद्यार्थ्याच्या वडिलांच्या मेलवरून येतो, त्याला काय म्हणायचं?

पहिलं पत्र असंच आलं होतं. मुलगा माझ्या तुकडीत होता, पण नावापुरता. दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात फक्त परीक्षेला. पत्रात लिहिलं होतं की तो वर्गचर्चेत नेहमी पुढे असायचा. मी त्याचा आवाजही ऐकलेला नव्हता. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मुलाचं भलं होतंय, आपलं काय जातंय?" आणि मी सही केली. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या वर्षी ती आली. नाव सांगत नाही. अकरावीची, राज्य मंडळाची, आणि प्रॅक्टिकलला न चुकता हजर. आमच्याकडे पेंड्युलमचा प्रयोग असतो. लांबी बदलायची, २० दोलनांचा वेळ मोजायचा, त्यावरून एका दोलनाचा वेळ, म्हणजे टी, काढायचा आणि टीचा वर्ग आणि लांबी यांचा ग्राफ काढायचा. रेषा सरळ येते आणि ती ओरिजिनमधून, म्हणजे दोन्ही अक्षांच्या शून्यातून, जायला पाहिजे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तशी सूचनाच छापून लावली आहे. बहुतेक मुलं मागच्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग उतरवतात किंवा उत्तरावरून उलटी रीडिंग बनवतात. आम्हा सगळ्यांना हे माहीत आहे, आणि तरी आम्ही सह्या करतो.

तिची रेषा ओरिजिनमधून जात नव्हती. टी-वर्गाच्या अक्षावर ती तीन-चार मिलिमीटर वर कापत होती. शेजारच्या मुलाने सांगितलं, एक बिंदू सरकव, जाईल. तिने सरकवला नाही. माझ्याकडे आली आणि विचारलं, "मॅम, स्लोपवरून जीची किंमत नीट येतेय, मग रेषाच का वर सरकली असेल?" जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, ते रेषेच्या चढावरून, म्हणजे स्लोपवरून काढतात. खरं सांगते, मला लगेच सांगता आलं नाही. मी म्हटलं, परत रीडिंग घे. ती दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आली, तिसऱ्या दिवशीही आली. आखूड दोरा घेतला, २० च्या जागी ५० दोलनं मोजली. फरक तसाच राहिला. मग तिच्या लक्षात आलं की ती लांबी फक्त दोऱ्याची, म्हणजे हुकपर्यंतची मोजत होती. खरी लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत असते. प्रत्येक रीडिंगमध्ये सारखीच लांबी कमी पडत होती, म्हणून स्लोप बरोबर आणि रेषा मात्र सरकलेली. तिने रेषा मागे वाढवली. लांबीच्या अक्षाला ती शून्याच्या डावीकडे जवळपास दोन सेंटिमीटरवर कापली. मग व्हर्निअर घेऊन गोळ्याचा व्यास मोजला, त्याच्या निम्म्यात हुकची उंची मिळवली. तेच दोन सेंटिमीटर! गोळ्याला हात न लावता तिने ग्राफवरून हुकसकट त्याची त्रिज्या काढली होती, असंच म्हणायचं. जर्नलमध्ये तिने जुना ग्राफ तसाच ठेवला आणि त्यापुढे एक पान हाताने लिहून जोडलं: चूक कुठे झाली, कशी सापडली.

ते जर्नल आमच्या विभागप्रमुखांनी तपासलं. त्यांनी ग्राफवर लाल रेघ मारली, गुण कापले आणि शेरा लिहिला: 'ग्राफ ओरिजिनमधून जात नाही. पुन्हा काढा.' जोडलेलं पान त्यांनी उलटून पाहिलं की नाही, माहीत नाही. मी त्यांच्याशी बोलायला गेले. ते म्हणाले, "बोर्डाच्या परीक्षेत बाहेरचा परीक्षक हे पान वाचत बसणार आहे का? मुलांना सवय लागायला हवी." आमचं भांडण तिथून सुरू झालं आणि अजून चालू आहे. माझं म्हणणं, सवय खोट्याची लागते आहे. त्यांचं म्हणणं, मी मुलांचं नुकसान करते.

बारावीत त्या मुलीच्या घरच्यांनीही कन्सल्टंट लावला. मला तयार पत्र आलं. त्यात नेतृत्वगुण होते, समाजकार्याची तळमळ होती, फिजिक्सबद्दल एक ओळ होती आणि ती कुठल्याही मुलाला लागू पडली असती. पेंड्युलमचा पत्ता नव्हता. कुठून असणार, तो तिला कन्सल्टंटला सांगण्यासारखा वाटलाच नव्हता! मी सही केली नाही. वडील चिडले. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. विभागप्रमुख म्हणाले, तुमचं इंग्रजी ते लोक वाचणार आणि मुलीचं वर्ष जाणार. हे लागलं मला. माझं इंग्रजी शिकवण्यापुरतं आहे. तरी चार रात्री बसून दीड पान लिहिलं. त्यात एकच प्रसंग होता, हाच. आणि तक्त्यात शेवटच्या रकान्यात खूण केली. इतक्या वर्षांत तो रकाना मी एवढ्या एकीसाठीच वापरला आहे.

एमआयटीने तिला घेतलं नाही. आणखी दोन ठिकाणांहून नकार आला. एका विद्यापीठाने घेतलं आणि जवळजवळ सगळा खर्च उचलला. विभागप्रमुख म्हणतात, एसएटीच्या गुणांवर मिळालं. असेलही. पत्र कुणी वाचलं, त्यावर काय बोलणं झालं, हे आपल्याला कळत नाही. पण ते पत्र खरं होतं. आधीचं नव्हतं. माझ्यासाठी वाद तिथे संपतो, त्यांच्यासाठी संपत नाही.

म्हणून तुला सांगते, कॉलेज निवडताना हजेरी 'सांभाळून घेणारं' कॉलेज घेऊ नकोस. सगळे तेच घेतात, मला माहीत आहे. पण दोन वर्षं तू ज्या वर्गात बसलाच नाहीस, तिथला शिक्षक तुझ्याबद्दल लिहिणार काय? एमआयटीला दोन पत्रं लागतात, एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचं. सायन्सच्या मुलाकडे त्यासाठी बहुधा भाषेचेच शिक्षक असतात. त्या तासाला बस. प्रश्न विचार. शिक्षकाला उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जा, ती आली होती तशी.

ऑलिम्पियाडबद्दल विचारलंस. गणित खरंच आवडत असेल तर आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिम्पियाडची पहिली पात्रता परीक्षा दे, पुढच्या पायऱ्या आरएमओ आणि आयएनएमओ. तो अभ्यास फुकट जात नाही. अर्जात एक ओळ वाढावी म्हणून मात्र देऊ नकोस, पहिल्याच पेपरात कंटाळशील. एनजीओ काढू नकोस. आधीपासून चालू असलेल्या कामात वर्षभर नेमाने जा, ते पुरे.

एक काम याच वर्षी कर. अर्जात नववीपासूनचे गुण मागतात. तुझी नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कॉलेजात, म्हणजे कागद दोन ठिकाणांहून जमवायचे. शाळा सोडताना नववीचं प्रगतिपत्रक आणि त्याची शिक्क्याची प्रत घेऊन ठेव. आणि अकरावीची कॉलेजची परीक्षा हलक्यात घेऊ नकोस. जेईईवाले तिला कुणी विचारत नाही म्हणतात. अमेरिकेतली विद्यापीठं विचारतात.

हे आधी लिहायला हवं होतं, आता लिहिते: हार्वर्ड काय, एमआयटी काय, शंभरातल्या चार-पाच जणांनाच घेतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी एमआयटीचं प्रमाण त्याहून कमी आहे. सगळं नीट करूनही नकार येऊ शकतो. दुसरं, पैसे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडीच ठिकाणं परदेशी मुलाने मदत मागितली म्हणून त्याच्या निवडीवर परिणाम होऊ देत नाहीत. इतर बऱ्याच ठिकाणी होतो. घरी हे आत्ताच बोलून घे. आणि जेईईसुद्धा द्यायची असेल तर बारावीचा डिसेंबर फार अवघड जातो: नियमित अर्जांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला आणि जेईई मेनचं पहिलं सत्र त्याच महिन्यात. दोन्ही करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी निबंध उन्हाळ्यातच लिहायला घेतले होते.

भिंतीवरची ती सूचना अजून तशीच आहे. काढायला मला परवानगी नाही. दर वर्षी नवीन तुकडी आली की मी ती मोठ्याने वाचून दाखवते आणि सांगते, तुमचा ग्राफ नाही गेला ओरिजिनमधून, तर काही खोडू नका, आधी माझ्याकडे घेऊन या. या वर्षी दोघं जण आले.