एक वाडा, चार चुली: पत्रिकेच्या पाकिटावरच्या नावांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. फेब्रुवारीत भावाचं लग्न, साडेचारशे पाकिटं, वडील नाहीत, नावं आईच्या जुन्या वहीतून काढायची, आणि प्रेसवाला म्हणतोय की सरसकट ‘श्री. व सौ.’ घालून लेबलं छापून देतो. विधवा मावशीच्या नावाआधी काय लिहायचं हेही तुम्ही विचारलंय, त्यावर पुढे लिहितो. पण मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या ओळीवर: ‘गावाकडचे चुलते एकाच वाड्यात राहतात, थोरल्यांच्या नावाने एकच पाकीट पुरेल ना?’

नाही पुरणार. हीच चूक मी केली आहे, म्हणून इतकं ठाम सांगतोय.

माझ्या मुलीचं लग्न मे २०१९ मध्ये पुण्यात झालं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. वडिलांचे चुलतभाऊ तिथेच राहिले, शेती बघितली. त्यांना चार मुलगे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या वाड्यात आम्ही अठरा-वीस जण एका पंगतीला बसायचो, आणि माझ्या मनात तो वाडा तसाच राहिला. मधल्या काळात चुलते गेले, वाटण्या झाल्या, सातबारे वेगळे झाले. मधल्या चौकात भिंत आली. धाकट्याने परड्यात पत्रे टाकून वेगळं स्वयंपाकघर केलं. त्या चार-पाच वर्षांत मी गावी दोन-तीनदा गेलो असेन. प्रत्येक वेळी थोरल्याच्या ओसरीवर चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मागे भिंत आहे हे दिसलं होतं, तिचा अर्थ विचारला नाही.

पत्नीने यादीत चौघांची नावं वेगवेगळी लिहिली होती. यादी लेबलं छापणाऱ्याकडे दिली. त्याने एकच आडनाव, एकच पत्ता बघून चार ओळींची एक ओळ केली: थोरल्याचं नाव आणि खाली ‘सहकुटुंब सहपरिवार’. मी नंतर जाब विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘पत्ता सेम होता साहेब, कॉम्प्युटरने डुप्लिकेट काढलं.’ ३८५ नावांतली २६ अशी गळली होती आणि पैसे मात्र ३८५ लेबलांचे घेतले होते. न विचारता एखाद्याच्या यादीतली माणसं कमी करायचा अधिकार यांना कोण देतं? त्या दुकानावरून जाताना आजही मला राग येतो. पण खरं ते सांगतो, ते लेबल चिकटवण्याआधी माझ्या हातातून गेलं होतं. मी वाचलं. तीन पाकिटं वाचली, एकाच घरात तर जायचंय, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं. पत्नीला दाखवलंही नाही.

पुतण्या गावी चालला होता, त्याच्या हाती गठ्ठा दिला. त्याने थोरल्याच्या हातात पत्रिका दिली. थोरल्याचं आणि तिसऱ्याचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं बंद होतं. त्याने पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली आणि पुढे कुणाला सांगितलं नाही. त्याला मी दोष देत नाही. पाकिटावर त्याचंच नाव होतं.

लग्नाला थोरला आला, त्याच्या घरचे आले. बाकी तीन घरांतून कुणीही नाही. सर्वांत जास्त लागलं ते धाकट्याच्या बायकोचं न येणं. २०१४ मध्ये माझी आई शेवटच्या आजारपणात गावीच होती, तेव्हा चार महिने तिचं सगळं या बाईने केलं होतं. घाणा भरताना उखळाला पहिला हात तिचा लागायचा, हे माझ्या पत्नीने साखरपुड्याच्या दिवशीच ठरवलं होतं. हळदीच्या सकाळी पत्नी वाट बघत राहिली, शेवटी फोन केला. ‘बरं वाटत नाही’ एवढंच ऐकू आलं.

गणपतीत गावी गेलो. धाकट्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा ती उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, ‘भाऊजी, आमची चूल तुमास्नी दिसली न्हाई व्हय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेबलवाल्याचं नाव तिथे सांगून उपयोग नव्हता.

२०२२ मध्ये तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आम्हाला पत्रिका आली. पाकीट हाताने लिहिलेलं, अक्षर सुरेख. ‘श्री.’, पुढे माझं नाव, आडनाव, पत्ता. ‘सौ.’ नाही, ‘सहकुटुंब’ नाही, ‘आणि परिवार’ नाही. पत्नीने ते पाकीट दोन्ही बाजूंनी बघितलं आणि न बोलता टेबलावर ठेवलं. मी एकटा गेलो. तिथे पाय धुवायला पाणी दिलं, पंगतीत आग्रह झाला, निघताना टोपी-टॉवेल दिला. माझ्या मानात काही कमी केलं नाही. फक्त ‘वहिनी का आल्या नाहीत’ हे एकानेही विचारलं नाही.

म्हणून सांगतो, यादी आडनावाने किंवा पत्त्याने लावू नका, चुलीने लावा. आपल्याकडे ‘चूलबंद आवतण’ हा शब्द उगाच नाही. त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, सगळे आपल्याकडे जेवतील, असं ते बोलावणं असतं. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एका माणसाला. दोन्हींचा हिशेब चुलीवरच चालतो, आणि ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्दही एका चुलीपुरतेच धरले जातात. आईची वही कितीही नीट असली तरी ती लिहिली त्या सालातली आहे, हे लक्षात ठेवा.

कोण वेगळं झालंय हे थोरल्या पुरुषाला विचारू नका. तो अनेकदा ‘आम्ही सगळे एकच आहोत’ असं सांगतो आणि त्याच्या दृष्टीने ते खोटंही नसतं. त्या घरातल्या माहेरवाशिणीला विचारा. लग्न होऊन बाहेर गेलेली बहीण किंवा आत्या असेल, तिला प्रत्येक भावाच्या घरी जावं लागतं, तिला अचूक माहिती असते. रेशनकार्ड वेगळं झालंय का, हीही एक खूण आहे. शंका असेल तर वेगळं पाकीट करा. दोन भाऊ खरोखर एकत्र असतील आणि दोन पाकिटं गेली, तर फार तर हसतील. उलट झालं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता बाकीचं, भराभर.

‘श्री. व सौ.’ सरसकट छापायचं नाही. साडेचारशे घरांत गेल्या काही वर्षांत कुणी ना कुणी गेलेलं असणारच. ज्या घरात नवऱ्याचं वर्षश्राद्धही झालेलं नाही, तिथे ‘श्री. व सौ.’ असं पाकीट पोचलं तर त्या बाईला काय वाटेल, एवढा विचार पुरे. मावशीसाठी ‘श्रीमती’ लिहा. ‘गं. भा.’ अजिबात नको, अपवाद फक्त मावशी स्वतः सहीत तसं लिहीत असतील तर. जुन्या पिढीत काही जणी लिहितात आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण दुसऱ्याने बाहेरून लावायची ती गोष्ट नाही. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून आला तेव्हा केवढा वाद झाला होता, आठवत असेल. घटस्फोटित किंवा एकट्या राहणाऱ्या बाईचं नुसतं पूर्ण नाव लिहा, आधी काही नको. तसं केल्याने आजवर माझ्या माहितीत कुणी दुखावलेलं नाही.

याच संदर्भात एक आगाऊपणा करतो. तुमचे वडील नाहीत. पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि कुलदैवतापुढे ठेवाल, तिला हळद-कुंकू आईच्याच हाताने लावा. कुणी काकू पुढे येऊन ‘सवाष्णीने लावायचं असतं’ म्हणाली तर ऐकू नका. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. एक गाव करू शकतं तर एक घर करू शकतंच.

‘मा.’ हे अक्षर पाकिटावर वापरू नका. ते माननीय की माजी, हे वाचणारा आपल्या सोयीने ठरवतो. निवडणुकीत पडलेल्या माणसाला ‘मा. सरपंच’ लिहिलं तर टोमणा वाटतो आणि चालू सरपंचाला लिहिलं तर तो बिथरतो. पूर्ण शब्द लिहा. ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, वडीलधाऱ्यांसाठी तो शब्द सुंदर आहे, पण आता बरेच जण ‘स्व.’ म्हणजे स्वर्गवासी समजतात. जिवंत माणसाच्या नावाआधी तसं कुणी वाचायला नको. ‘ह.भ.प.’ मात्र विसरू नका. गावातल्या कीर्तनकाराला किंवा माळकऱ्याला ते मिळालेलं असतं आणि ते गाळणं लागतं. फौजेतून निवृत्त झालेल्यांना त्यांचं पद लिहिलेलं आवडतं. आमच्या भागात घरटी एक फौजी आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोघांची पूर्ण नावं लिहा, बाईचं आडनाव आपण बदलू नये. बाई डॉक्टर असेल आणि नवरा नसेल तर ‘श्री. व सौ.’मध्ये तिची पदवी बुडवू नका.

टपालाने जाणाऱ्यांचं: ‘मु. पो.’ डोळे झाकून लिहू नका. गावात टपाल कार्यालय असेल तरच मुक्काम आणि पोस्ट एक. नसेल तर ‘मु.’पुढे गाव आणि ‘पो.’पुढे जिथून टपाल वाटलं जातं ते गाव, मग तालुका, जिल्हा, पिन. वडगाव आणि पिंपळगाव नावाची किती गावं महाराष्ट्रात आहेत ते बघा म्हणजे पिनचं महत्त्व कळेल. या सारख्या नावांच्या घोळासाठीच तर पिन कोड आला, १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच मातीतले, संस्कृतचे मोठे कवी. सहापैकी शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं कार्यालय सांगतात, तिथे एक आकडा चुकला की पाकीट भलत्याच गावाला फिरून येतं. आईच्या वहीत जुन्या पत्त्यांना पिन नसतीलच. फोन करून विचारा, त्या निमित्ताने कोण आहे, कोण नाही, तेही कळतं.

चकचकीत पाकिटावर जेल पेन पुसलं जातं, साधं बॉलपेन बरं. पत्ता लिहिलेल्या बाजूला कुंकू लावू नका. पत्रिकेवर धातूचा गणपती चिकटवलेला असेल तर टपालासाठी ती दुसऱ्या साध्या पाकिटात घाला, नाहीतर फाटून पोचते. आणि वीस-पंचवीस कोरी पाकिटं पेनासकट पिशवीत कायम ठेवा. शेवटच्या आठवड्यात त्यांची गरज पडतेच.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ लिहून पाठवणं ऑफिसातल्यांना चालतं. भावकीला चालत नाही. सख्ख्या बहिणी, आत्या यांच्याकडे तर पाकीट घेऊन स्वतः जा.

हे सगळं आमच्या बाजूचं, पश्चिम महाराष्ट्रातलं आहे. कोकणात, विदर्भात, गोव्यात मानपान निराळे असतील, जातीप्रमाणेही फरक पडतो. तुमच्या आईचा शब्द माझ्यापेक्षा वरचा धरा.

चुलते किती ते तुम्ही लिहिलं नाही. तिघे असतील आणि तिघांच्या चुली वेगळ्या असतील तर तीन पाकिटं करा, तिन्हींवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहा, लेबल न लावता हाताने. वाटायला जाणाऱ्याला सांगा की आधी थोरल्यांकडे, पण त्याच दिवशी तिन्ही दारांत जायचं आणि प्रत्येक दारात दोन मिनिटं बसायचं. तिन्ही पाकिटं एकाच्या हातात देऊन ‘बाकीच्यांना द्या’ म्हणायचं नाही, कितीही उशीर झाला असला तरी.